मशीन बदलू का ग्राइंडर? डबल बॉयलरने आंबटपणा जातो का?

कपबशी:

मंडळी, गेले तीन आठवडे रोज रात्री झोपायच्या आधी एस्प्रेसो मशीनचे व्हिडिओ बघतोय आणि रोज सकाळी वेगळंच मशीन घ्यायचं ठरवतोय, आता डोक्याचा पार भुगा झालाय म्हणून इथे विचारतो.

सध्या माझ्याकडे दोन वर्षं जुनं बेसिक मशीन आहे, थर्मोब्लॉकवालं (तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातून जाता जाता पाणी गरम होतं ते), ५१ मिमीचा पोर्टाफिल्टर (पुडीची बास्केट धरणारा मूठवाला भाग), समोर ठळक अक्षरात १५ बार लिहिलंय. ग्राइंडर पात्यांचा नाही, बर ग्राइंडरच आहे (दोन दातेरी चाकांमधे दळणारा), पण स्वस्तातला, बाजूला १ ते १८ आकड्यांची चकती आहे ती टकटक फिरते. आता प्रॉब्लेम असा की ३ वर ठेवलं की १२ सेकंदात कप भरतो, पिवळट पातळ धार आणि चव एकदम लिंबू पिळल्यासारखी. २ वर ठेवलं तर मशीन नुसतं घुरघुरतं, मिनिटभराने एकेक काळा थेंब पडतो आणि तो कडूजहर. २ आणि ३ च्या मधे काहीच नाही. हे सगळं सिंगल वॉल (एकेरी तळाची) बास्केट आणल्यानंतरचं सांगतोय बरं का, त्याआधी मशीनबरोबर आलेली दुहेरी तळाची बास्केट होती, तिच्यात कसंही दळून टाकलं तरी वर छान फेस यायचा आणि मी खूश होतो. अज्ञानात सुख म्हणतात ते हेच असावं.

घरात रोज सकाळी दोन काळ्या एस्प्रेसो लागतात (दोन्ही मलाच) आणि दोन कॅपुचिनो. दुसऱ्या कॅपुचिनोचं दूध होईपर्यंत पहिली गार झालेली असते आणि ती कोणाला द्यायची यावरून रोज नजरानजर होते.

यादीत आत्ता गॅजिया क्लासिक, रान्चिलिओ सिल्व्हिया पीआयडी (तापमान स्थिर ठेवणारा कंट्रोलर) लावून, ब्रेव्हिल बांबिनो, आणि नाहीतर मग एकदाच काय तो खर्च करून ई६१ ग्रुपचं (ग्रुप म्हणजे पोर्टाफिल्टर अडकवतात तो भाग) हीट एक्स्चेंजर किंवा डबल बॉयलर, म्हणजे परत दहा वर्षं बघायला नको. बायको म्हणते, आधी ओटा मोज मग मशीन बघ. तुमच्यापैकी कोणी असा अपग्रेड केलाय का, आणि केल्यावर चवीत खरंच फरक पडला का, ते सांगा.

दाणेदार:

मशीन घेऊ नका. थांबा, चिडू नका, पूर्ण वाचा.

तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंय, "२ आणि ३ च्या मधे काहीच नाही". एस्प्रेसोत पाण्याला अडवणारी गोष्ट एकच, ती पूड. साधारण ९ बार दाबाचं पाणी पुडीच्या दाबलेल्या थरातून २५-३० सेकंदांत पार व्हायला हवं आणि पुडीच्या वजनाच्या दुप्पट कॉफी कपात पडायला हवी, हा सुरुवातीचा हिशोब. पूड केसभर बारीक झाली की वेळ ५-७ सेकंदांनी हलतो. आता कोमांदांते हा हातग्राइंडर घ्या, चांगला म्हणून नावाजलेला आहे, त्याचा एक क्लिक ३० मायक्रॉनचा आहे आणि ओतून गाळायच्या कॉफीला तो भरपूर बारीक, पण एस्प्रेसोला तेवढा क्लिकही मोठा पडतो म्हणून त्यांनीच तो निम्मा, म्हणजे १५ वर आणणारा सुटा पार्ट काढलाय. मग तुमच्या १८ आकड्यांच्या चकतीचं काय घेऊन बसलात! तुमची बरोबर सेटिंग २.४ वर कुठेतरी आहे आणि ती चकतीवर नाहीच.

मी स्वतः ही माती खाल्लेली आहे. तुमच्यासारखंच मशीन होतं, आंबट शॉटला (एका वेळी काढलेली एस्प्रेसो) कंटाळून थेट डबल बॉयलर आणलं, दोघांनी मिळून जिना चढवलं, तासभर तापवलं, आणि जुन्याच ग्राइंडरची पूड टाकून पहिला शॉट काढला. १२ सेकंद. तेच लिंबू. फक्त आता ते दोन बॉयलरचं लिंबू होतं. चार महिन्यांनी ग्राइंडर घेतला तेव्हा कळलं की जुन्या मशीनवरसुद्धा हे जमलं असतं.

तोवर एक जुगाड. आकडा बदलता येत नाही तर वजन बदला. १ दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा नसेल तर आजच घ्या, त्याच्याशिवाय हा सगळा अंधारातला कारभार आहे. ३ वरच दळा पण १४ च्या ऐवजी १५, मग १५.५ ग्रॅम टाका, जाळीला पक (पुडीचा दाबलेला थर) चिकटत नाही तोवर वाढवत जा. नाहीतर उलटं, २ वर दळून १३ टाका. दोन्ही करून बघा, २० सेकंदांपर्यंत तरी याल.

आणि एक प्रयोग कराच. तीन छोटे कप ओळीने ठेवा आणि एकच शॉट तिघांत पकडा, पहिले काही सेकंद पहिल्यात, मधला भाग दुसऱ्यात, शेवटचा तिसऱ्यात. पहिला पाकासारखा दाट, आंबट आणि चक्क खारट लागेल, मधला गोडसर, तिसरा पाणचट कडू. हे तिन्ही एकत्र होऊन एस्प्रेसो होते. तुमच्या १२ सेकंदात पाणी आंबट तेवढं घेऊन पळतंय, गोड भाग पुडीतच राहून कचऱ्यात जातोय. एकदा जिभेला हे कळलं की पुढे कोणाला विचारावं लागत नाही.

हो, दाण्यांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख आहे का? कधीपर्यंत वापरा ती नव्हे, भाजल्याची.

वाफेचं_इंजिन:

दाणेदारांचं ग्राइंडरबद्दल शंभर टक्के पटलं, पण ते नेहमीप्रमाणे दूध विसरले. काळी पिणाऱ्यांना दूधवाल्यांचं दुःख कधी कळलंय!

कपबशी, आधी ते १५ बारचं भूत उतरवा. या छोट्या व्हायब्रेशन पंपांना पुढे सगळं बंद असताना जास्तीत जास्त किती दाब देता येईल तो आकडा आहे तो. कॉफीला ९ च्या आसपास पुरतो. जुन्या गॅजिया क्लासिकचा दाब फॅक्टरीतून ९ च्या बराच वर असायचा, लोक आतल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलून तो खाली आणायचे, म्हणजे मशीनचे बार "कमी" करणं हाच अपग्रेड होता. नवीन मॉडेल ९ वरच सेट होऊन येतं.

आता बॉयलरचं. गॅजिया क्लासिक १९९१ चं डिझाइन, सिल्व्हिया १९९७ चं, दोन्ही एका बॉयलरची आणि दोन्ही दणकट, पार्ट मिळतात, घरी उघडता येतात. पण एकच बॉयलर म्हणजे एकच चूल. कॉफीला ९०-९६ डिग्री पाहिजे, वाफेला त्याच्या कितीतरी वर, त्यामुळे शॉट काढा, स्विच दाबा, थांबा, दूध करा, मग बॉयलरमधून पाणी सोडून थंड करा, परत शॉट. सिल्व्हियाला पीआयडी नसेल तर आणखी गंमत, थर्मोस्टॅट दिवा लावतो-विझवतो त्या दरम्यान तापमान सहज १० डिग्रीच्या वर हलतं, म्हणून लोक दिवा विझल्यावर मनात आकडे मोजत उभे असतात आणि ठरावीक आकड्याला बटण दाबतात. मी तीन वर्षं मोजलेत. पाहुणे समोर बसून "काय म्हणालास?" विचारतात आणि मी तोंडाने एकोणतीस, तीस.

हीट एक्स्चेंजरमधे वाफेच्या मोठ्या बॉयलरच्या पोटातून एक नळी जाते, कॉफीचं पाणी त्या नळीतून जाता जाता तापतं. शॉट आणि दूध एकाच वेळी होतं हा मोठाच फायदा. पण मशीन पंधरा मिनिटं नुसतं उभं राहिलं की नळीतलं पाणी प्रमाणाबाहेर तापतं, मग आधी थोडं पाणी सोडायचं, ते फुर्र फुर्र करत उकळतं येतं, धार शांत झाली की पोर्टाफिल्टर लावायचा. सवयीने कानाला कळतं. डबल बॉयलरला ही कटकट नाही, दोन चुली, दोन आकडे, झालं.

ई६१ बद्दल एक, तो चारेक किलोचा पितळी ग्रुप दिसतो देखणा, पण तापायला अर्धा तास आरामात घेतो. फाएमाने १९६१ मधे काढला, त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून नाव पडलं, आणि तोपर्यंत दांडा ओढून स्प्रिंगने दाब द्यायचे ते काम पंपावर आलं. इतिहास म्हणून सलाम, पण सकाळी उठून दहा मिनिटांत घर सोडणाऱ्या माणसाने टायमरवाला प्लग लावल्याशिवाय घेऊ नये.

दोन काळ्या आणि दोन दुधाच्या एवढंच असेल तर मी तुमच्या जागी बांबिनोसारखं झटपट तापणारं घेईन. तीन सेकंदात तयार म्हणतात ते खरं आहे, पण पोर्टाफिल्टर थंडगारच असतो, म्हणून आधी रिकाम्या बास्केटमधून गरम पाणी एकदा काढायचं. पोर्टाफिल्टर मात्र ५४ मिमीचा, त्यामुळे पुढे ५८ चं मशीन घेतलंत तर बास्केट, टँपर (पूड दाबायचा ठोकळा) सगळं परत घ्यावं लागेल. उरलेला पैसा ग्राइंडरमधे.

आणि दूध दोनदा कशाला करता? दोन्ही शॉट आधी काढा, मग मोठ्या जगमधे दोघांचं दूध एकदम. नळीचं टोक पृष्ठभागाच्या जरा खाली, पहिली काही सेकंद कागद फाटल्यासारखा चर्र आवाज, जग कोमट लागला की टोक आत बुडवून दूध गोल फिरवायचं, तळाला हात टेकवेना झाला की बंद, तेच ६० डिग्री. मग दुसऱ्या जगमधे अर्धं ओतून घ्यायचं म्हणजे फेस दोघांना सारखा मिळतो. नाहीतर पहिल्याला सगळा फेस, दुसऱ्याला गरम दूध, आणि तुमची नजरानजर चालूच.

हातपंप:

कोणीच म्हणालं नाही म्हणून मी म्हणतो, हाताने दाबायचं लिव्हर मशीन बघितलंय का? फ्लेअर, रोबोट वगैरे. पंप नाही, बॉयलर नाही, वायरसुद्धा नाही, बिघडायला रबरी रिंगशिवाय काही नाही. किटलीचं उकळतं पाणी ओता आणि दांडा दाबा. सुरुवातीला हलकं दाबून पूड भिजू द्यायची, मग जोर, शेवटी पुन्हा हलकं, मोठ्या मशीनवाले याच गोष्टीसाठी वेगळे पैसे मोजतात.

वाचलेल्या पैशात एस्प्रेसोसाठीच बनवलेला हातग्राइंडर घ्या, ज्याचा क्लिक दहा-पंधरा मायक्रॉनचा आहे असा. पूड या किमतीच्या इलेक्ट्रिकपेक्षा सरस येते. फक्त फिकट भाजलेले दाणे असले तर दळताना दंड भरून येतात, खरं सांगतो, मी ग्राइंडर गुडघ्यांत धरून दळतो.

दुधाचं मात्र यात काही नाही, वाफ नाही. आणि चार कप लागोपाठ काढायचे तर सकाळी सकाळी व्यायामशाळा होईल. मी एकटा पितो, दिवसाला एक, म्हणून मला परवडतं.

कपबशी:

बापरे, एवढं सगळं. आभार.

दाणेदार, पाकिटावर भाजल्याची तारीख नाही. शोधशोध शोधली, फक्त १८ महिने चांगलं राहील असं लिहिलंय. वजनकाटा आणला. ३ वर १५.५ ग्रॅम टाकून १९ सेकंद आले! लिंबू अजून आहे पण आता साखर घातल्यासारखं. तीन कपांचा प्रयोगही केला, पहिला कप बायकोला दिला आणि तिने तो सिंकमधे थुंकला, तेव्हा प्रयोग यशस्वी समजतो.

आणि एकाच जगमधे दूध करायचं दोन वर्षांत डोक्यात आलं नाही याची खरंच लाज वाटली.

दोन प्रश्न. शॉट झाल्यावर माझ्या बास्केटमधे पक न होता चिखल होतो, वर पाणी साचलेलं असतं, हे चुकीचं आहे का? आणि सेकंडहँड हीट एक्स्चेंजर चांगल्या अवस्थेत मिळतंय, सात वर्षं जुनं, मोह होतोय.

दाणेदार:

१८ महिने! अहो ते दाणे नाहीत, आठवणी आहेत. भाजल्यावर दाण्यात गॅस असतो, तो हळूहळू निघून जातो, तो गेला की क्रेमाही (वरचा तपकिरी फेस) जातो आणि पाणी अडायचंही कमी होतं, म्हणून शिळ्या दाण्यांना आणखी बारीक दळावं लागतं. भाजून आठवडा-दहा दिवस झालेले घ्या आणि महिना-दीड महिन्यात संपवा. अगदी कालचे भाजलेलेही नकोत, त्यांचा नुसता फेस होतो.

चिखलाची काळजी करू नका. शॉटनंतर उरलेला दाब बाहेर सोडणारा थ्री-वे व्हॉल्व्ह तुमच्या मशीनमधे नसणार, त्यामुळे पाणी वर साचतं. कपात काय पडलं ते बघा, कचऱ्यात काय पडलं त्याचं परीक्षण करणाऱ्यांचे व्हिडिओ बघणं बंद करा. फक्त एक, असा व्हॉल्व्ह नसलेल्या मशीनला आंधळी (भोकं नसलेली) बास्केट लावून बॅकफ्लश (पाणी उलटं फिरवून ग्रुप धुणं) करायला जाऊ नका आणि शॉट थांबल्याबरोबर पोर्टाफिल्टर काढू नका, उडेल.

चुनखडी:

सेकंडहँडचं नाव काढलंत म्हणून आलो. सात वर्षं जुन्या हीट एक्स्चेंजरला पहिला प्रश्न "कॉफी कशी येते" हा नाही, "पाणी कुठलं वापरत होतात" हा.

माझंही असंच घेतलेलं. बाहेरून आरसा. विकणाऱ्याने नवीन गॅस्केटसुद्धा (ग्रुपमधली रबरी रिंग) टाकून दिलेलं. दोन महिन्यांनी वाफ मंदावली, मग ग्रुपमधून धार बारीक होत होत थेंबावर आली. उघडलं तर हीटरवर अंड्याच्या टरफलासारखा पांढरा थर, नखाने खरवडला की पापुद्रे निघत होते, आणि त्यातलाच एक पापुद्रा सुटून ग्रुपमधल्या मिलिमीटरहून बारीक भोकात जाऊन बसला होता. आख्खं मशीन बंद पाडायला तांदळाच्या कणीएवढा चुना पुरला. भोक मोकळं केलं, आठवड्याने परत अडकलं, शेवटी बॉयलर काढूनच साफ करावा लागला.

त्यामुळे बघायला जाल तेव्हा मशीन थंड असताना जा, आधीच तापवून ठेवलेलं नको. थंडपासून वाफ यायला किती वेळ लागतो, वाफ जोरात आणि कोरडी येते का, खाली कुठे ओल किंवा हिरवट-पांढरे डाग आहेत का, दांडा खाली केल्यावरही ग्रुप टपकत राहतो का, दाबाचा काटा स्थिर असतो का. वरचं झाकण चार स्क्रूचं असतं, काढू देतात का विचारा. नको म्हणाले तर तुम्हीही नको म्हणा.

पाण्याचा कडकपणा मोजायची थेंबांची किट मिळते, ती मशीनच्या आधी घ्या. आणि कोणी डिस्टिल्ड वापरा म्हणेल तर सरळ तसंच ओतू नका, बऱ्याच मशीनमधे बॉयलरची पातळी बघणारी सळई पाण्यातून वीज जाते का यावर चालते, निव्वळ डिस्टिल्डमधून ती जवळपास जात नाही, मग मशीनला वाटतं बॉयलर रिकामा आहे आणि ते भरतच राहतं. शिवाय तसलं पाणी धातूला खातं आणि कॉफी बेचव होते. मऊ, पण थोडे क्षार असलेलं पाणी हवं. व्हिनेगरने साफ करणं टाळा, आठवडाभर वास जात नाही. मशीनच्या पुस्तकात सांगितलं असेल तेच द्रावण वापरा, ॲल्युमिनियमचा बॉयलर असेल तर जास्तच सांभाळून.

तुमच्या छोट्या थर्मोब्लॉकला शेवटचं कधी साफ केलंत, दोन वर्षांत? दूध व्हायला वेळ लागतो म्हणताय म्हणून विचारलं.

वाफेचं_इंजिन:

+१ चुनखडी. हे मी विचारायला हवं होतं.

कपबशी:

तीन आठवड्यांनी परत आलोय, विषय बुडवला नाही.

सेकंडहँड मशीन बघायला गेलो. थंड असताना बघायचंय म्हटल्यावर "आम्ही नेहमी चालूच ठेवतो" असं उत्तर मिळालं, झाकणाचं विचारल्यावर फोनच उचलला नाही. सुटलो.

ग्राइंडर घेतला. इलेक्ट्रिक, पायऱ्या नसलेला, गोल चाक कुठेही थांबवता येतं. पहिल्या दिवशी १५ ग्रॅम, ९ सेकंद. दुसरा ५१ सेकंद. मग चाक अगदी किंचित, म्हणजे रेडिओवर स्टेशन लावतात तसं, आणि सहाव्या शॉटला २८ सेकंदात ३१ ग्रॅम. उंदराच्या शेपटीसारखी धार, तपकिरी, मधूनच वाघाचे पट्टे. लिंबू गेलं. चॉकलेट वगैरे लोक म्हणतात तसं मला काही लागलं नाही, पण साखर न घालता संपवली, हे पहिल्यांदाच. भाजून ११ दिवस झालेले दाणे होते.

हुशारीत येऊन तळ नसलेला पोर्टाफिल्टरही मागवला. पहिल्याच शॉटला एका बाजूने पिचकारी उडाली ती थेट पांढऱ्या शर्टवर. मग कॉर्कमधे चार बारीक सुया खोचून पूड ढवळायला लागलो, तेव्हापासून शर्ट वाचलेत.

चुनखडी, थर्मोब्लॉक साफ केला. पहिल्यांदा नळीतून जे पाणी आलं ते ताकासारखं होतं, फोटो टाकत नाही. वाफ आता निम्म्या वेळात होते, एक जग, दोन कप, दोन्ही गरम. बायको म्हणाली, मग नवीन मशीन कशाला? मी म्हटलं, बघू. डबल बॉयलरचा टॅब अजून उघडा आहे, पण रात्री व्हिडिओ न बघता झोपतोय.

आता एकच नवीन किरकिर. पोर्टाफिल्टरची मूठ आधी सरळ माझ्या पोटासमोर थांबायची, आता बरीच उजवीकडे सरकते आणि तरी शॉट चालू असताना कडेने थेंब गळतात. मशीन गेलं का?

चुनखडी:

मशीन नाही, गॅस्केट गेलं. रबर तापून तापून कडक होतं, मग बसत नाही. नखाने दाबून बघा, खूण उमटत नसेल तर नवीन घ्या. जुनं बाहेर काढताना त्यात एक छोटा स्क्रू फिरवून पकडीने ओढा, तुकडे होऊनच निघेल, घाबरू नका. कुठली बाजू वर होती त्याचा फोटो आधी काढा आणि खाचेत जमलेली जुनी पूड ब्रशने साफ केल्याशिवाय नवीन बसवू नका, नाहीतर आठवड्यात परत गळेल.

कपबशी:

निघालं. चार तुकडे झाले आणि खाचेत अर्धा चमचा डांबर होतं. त्याचाही फोटो टाकत नाही.